घाटात एक गाडी बंद पडते, तेव्हा बाकीच्यांनी काय करावे?

पावसाळा ओसरला की चोर्ला घाटात रविवारच्या सकाळी एक दृश्य हमखास दिसते. बेळगावकडून निघालेल्या आठ-दहा स्पोर्ट्स कार जांबोटी, कणकुंबी मागे टाकून एकामागून एक केरीच्या दिशेने उतरू लागतात. लाल, पिवळ्या, निळ्या रंगांच्या, जमिनीलगत बसलेल्या या गाड्या पाहण्यासाठी रस्त्याकडेचे लोकही थबकतात. आता कल्पना करू की, या रांगेतील चौथ्या गाडीचे इंजिन एका वळणावर अचानक बंद पडले. पुढे काय घडते?

बहुधा असे घडते की मागच्या सहाही गाड्या तेथेच थांबतात. पुढच्या तिघांना निरोप जातो, तेही वळून परत येतात. दारे उघडतात, माणसे रस्त्यावर उतरतात, बॉनेटभोवती कोंडाळे जमते. बंद पडलेली गाडी एकच असते, थांबलेल्या गाड्या मात्र दहा होतात आणि रस्त्यावर उभी असलेली माणसे पंधरा-वीस. खालून भरलेला मालट्रक चढत असतो, वरून बेळगावची भाजी घेऊन टेम्पो उतरत असतो, त्यामागे प्रवाशांनी भरलेली बस असते. यांपैकी कोणालाही वळणापलीकडे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना नसते.

मित्राला एकटे सोडू नये ही भावना चांगलीच आहे. परंतु घाटात ती चुकीच्या पद्धतीने व्यक्त झाली, तर एका साध्या बिघाडाचे रूपांतर भीषण अपघातात होऊ शकते. ताफ्यातील एक गाडी बंद पडल्यावर उरलेल्यांनी कसे वागावे, हे गाडीतला बिघाड ओळखण्याइतकेच महत्त्वाचे आहे. किंबहुना त्याहूनही अधिक.

निर्णय आधीच झालेले असावेत

रस्त्यावर बिघाड झाला की प्रत्येकजण सल्ला देऊ लागतो आणि निर्णय कोणीच घेत नाही. म्हणून निघण्यापूर्वी, चहाच्या वेळीच, काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. ताफ्याच्या अग्रभागी मार्ग माहीत असलेला चालक असावा. सर्वांत शेवटी अनुभवी चालकाची गाडी असावी. ही शेवटची गाडी शक्यतो स्पोर्ट्स कार नसावी. उंच, प्रशस्त डिकी असलेली साधी मोटार किंवा जीप असावी. तिच्यात अवजारे, धोक्याचे त्रिकोण, पाणी, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक नळकांडे आणि चकाकणारी जाकिटे ठेवता येतात. शिवाय बंद पडलेल्या गाडीतील माणसांना पुढे नेण्यास जागाही मिळते. दोन आसनांच्या गाड्यांच्या ताफ्यात हा प्रश्न किरकोळ नाही.

नियमही एकच आणि सोपा असावा : कोणाची गाडी बंद पडली, तर शेवटची गाडी तिच्याजवळ थांबेल, बाकी सर्व पुढे जातील आणि आधी ठरलेल्या सुरक्षित ठिकाणी वाट पाहतील. असे ठिकाण पेट्रोल पंप, हॉटेलचे आवार किंवा गावातील मोकळी जागा असू शकते. घाटातील देखाव्याची जागा नव्हे. चोर्ला उतरताना केरी किंवा साखळी, अनमोड उतरताना मोले, ही नावे आधीच सर्वांच्या ध्यानात असावीत. घाटात मोबाइलची रेंज अनेक ठिकाणी जाते, त्यामुळे 'फोन करून ठरवू' ही योजना ऐन वेळी उपयोगाची ठरत नाही.

पहिली दोन मिनिटे

इंजिन दगा देऊ लागल्याची जाणीव होताच चालकाने पहिला विचार थांबण्याच्या जागेचा करावा. गाडीला अजून वेग असेल, तर त्या वेगाच्या बळावर वळण पार करून सरळ भागात, डाव्या साइडपट्टीवर गाडी आणणे शक्य असते. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन दाबांनंतर संपते. म्हणून ब्रेक वारंवार दाबून सोडू नये, एकदाच ठामपणे दाबावा.

गाडी थांबताच हॅझर्ड दिवे लावावेत. येथे एक सवय मोडण्याची गरज आहे. पावसात, धुक्यात किंवा ताफ्यातून जाताना चालत्या गाडीचे हॅझर्ड दिवे लावण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे. त्यामुळे वळण्याचा इशारा देता येत नाही आणि खरोखर थांबलेली गाडी व चालती गाडी यांतील फरकही मागच्याला कळत नाही. हे दिवे थांबलेल्या गाडीसाठी राखून ठेवावेत.

त्यानंतर सर्वांनी गाडीतून उतरावे. उजवीकडील दार रस्त्याच्या बाजूला उघडत असल्याने शक्य असेल तर डावीकडूनच बाहेर पडावे. गाडीच्या मागे किंवा पुढे उभे राहू नये, कारण मागून धडक बसली तर गाडी पुढे फेकली जाते. कठड्यालगत, गाडीपासून काही अंतर मागे, वाहतुकीकडे तोंड करून थांबावे. पावसाळ्यात उभ्या कातळाखाली थांबणेही धोक्याचे, दरडीचे दगड सांगून येत नाहीत.

उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. खूप वेळ धावलेल्या गाडीचा एक्झॉस्ट अतिशय तापलेला असतो आणि स्पोर्ट्स कारमध्ये तो जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर असतो. वाळक्या गवतावर गाडी उभी केली, तर ते पेटू शकते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात लागलेल्या वणव्यांची आठवण सत्तरीत अजून ताजी आहे. चोर्ला घाटाचा गोव्याकडील भाग त्याच रानाला लागून आहे.

त्रिकोण नेमका कोठे ठेवावा?

धोक्याचा लाल त्रिकोण बहुतेक गाड्यांत असतो, पण तो डिकीतून निघालाच तर गाडीच्या मागे पाच-दहा पावलांवर ठेवला जातो. तेथे त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाण्यास दीड सेकंद लागला, तरी २५ मीटर तेथेच संपतात. ओल्या रस्त्यावर त्यापुढे थांबण्यास आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ६० मीटर, तेही सपाटीवर. उतारावर आणि भरलेल्या ट्रकला याहून अधिक.

म्हणून सरळ रस्त्यावर त्रिकोण किमान ५० मीटर, म्हणजे साधारण पासष्ट ते सत्तर पावले मागे असावा. घाटात याच्या दुप्पट अंतर राखावे आणि मुख्य म्हणजे तो वळणाच्या अलीकडे असावा, जेणेकरून वळण्यापूर्वीच चालकाला इशारा मिळेल. दुपदरी घाटरस्त्यावर समोरून येणाऱ्यांसाठीही दुसरा त्रिकोण हवा, कारण बंद गाडीला वळसा घालण्यासाठी मागची वाहने त्यांच्याच बाजूने येणार असतात. त्रिकोण ठेवायला जाताना तो छातीसमोर धरून, रस्त्याच्या कडेने, वाहनांकडे पाहत चालावे.

या गाड्यांची उंची येथे आडवी येते. साधी मोटार दीड मीटरच्या आसपास उंच असते, तर अनेक स्पोर्ट्स कार १.२ ते १.३ मीटरच्याच असतात. वळणावरचा कठडा किंवा वाढलेले गवत तिला सहज झाकून टाकते. दिवसा भडक दिसणारी गाडी संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात आणि चोर्ल्याच्या धुक्यात दिसेनाशी होते.

आपले ट्रकचालक अशा वेळी झाडाच्या फांद्या तोडून रस्त्यावर ठेवतात आणि ओळीने दगड मांडतात. फांदीचा इशारा वाईट नाही, ती सर्वांना कळते. दगड मात्र टाळावेत. ट्रक निघून जातो, दगड राहतात आणि रात्री एखादा दुचाकीस्वार त्यांवर आदळतो.

मदत मागताना पत्ता कसा सांगावा?

कोणी जखमी असेल, वाहतूक अडली असेल किंवा आग लागली असेल, तर ११२ हा क्रमांक फिरवावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. राष्ट्रीय महामार्गावर महामार्ग प्राधिकरणाची १०३३ ही मदतवाहिनी आहे. आपल्या सिमकार्डला रेंज नसली, तरी परिसरात दुसऱ्या कंपनीचे जाळे उपलब्ध असेल, तर ११२ चा कॉल लागू शकतो.

चोर्ल्याच्या परिसरात गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या सीमा एकमेकींना भिडतात. आपण उभे असतो एका राज्यात आणि फोन पकडणारा मनोरा असू शकतो दुसऱ्या राज्यात. म्हणून बोलताना आधी राज्य, मग घाटाचे नाव, मग चढतो आहोत की उतरतो आहोत आणि शेवटी जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा, या क्रमाने सांगावे. 'एका मोठ्या वळणावर आहोत' या वाक्याने कोणालाच बोध होत नाही. ताफ्यातील शेवटच्या गाडीने प्रत्येक किलोमीटरच्या दगडाकडे लक्ष ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

पुढे गेलेल्या मित्रांची खरी मदत येथेच होते. ते रेंज असलेल्या जागी पोहोचलेले असतात. टोइंग सेवेशी, विमा कंपनीशी आणि घरच्यांशी बोलणे ही कामे त्यांनी वाटून घ्यावीत. मागे थांबलेल्यांनी केवळ रस्त्याकडे लक्ष द्यावे.

कोणता बिघाड हाताळावा, कोणता नाही

इंजिन तापल्याचा दिवा लागला, तर गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि थांबावे. रेडिएटरचे झाकण किंवा कूलंटच्या टाकीची टोपी गरम असताना उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्याने शंभर अंशांहून अधिक तापलेला असतो आणि टोपी फिरवताच तोंडावर उसळतो. 'केरीपर्यंत तर उतार आहे, हळूहळू नेऊ' हा मोह टाळावा. त्या काही किलोमीटरांत शेकड्यांचे काम लाखांवर जाते आणि धोक्याचा दिवा पाहूनही गाडी चालवल्यामुळे वाढलेले नुकसान विमा कंपनी नाकारू शकते.

ब्रेक मऊ लागणे हे घाट उतरताना सर्वांत गंभीर लक्षण. डॉट ४ प्रकारच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, परंतु हवेतील ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत ओलावा शिरण्यास वेळ लागत नाही. ऑइल उकळले की नळ्यांत वाफ होते आणि पायाखालचे पेडल पोकळ लागते. अशा वेळी गिअर खाली आणून वेग कमी करावा, सुरक्षित जागी थांबावे आणि चाकांना दगडाची उटी लावावी. निघताना तो दगड रस्त्यावरून उचलावा. ब्रेक थंड झाल्यावर पेडल पूर्ववत वाटले, तरी त्या दिवशी ती गाडी ताफ्यात पळवू नये.

पंक्चर झाल्यास अनेकांना प्रथमच कळते की आपल्या गाडीत स्टेपनीच नाही. ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे साहित्य असल्यास स्टेपनी नसलेली गाडी २०२० पासून नियमांनाही मान्य आहे. टायरमध्ये सोडायचा चिकट द्रव मधल्या भागातील लहान छिद्र बुजवतो. टायरची बाजू फाटली असेल, तर तो निरुपयोगी. काही गाड्यांना चाकाच्या मध्यभागी एकच मोठा नट असतो आणि तो बसवण्यास सुमारे ६०० न्यूटन-मीटर एवढा जोर मोजून द्यावा लागतो. असे चाक रस्त्यावर सोडवणे हे सर्वसाधारण पान्याचे काम नव्हे. जॅकही ठरावीक जागीच लावावा, अन्यथा खालचे पत्रे आणि कार्बन फायबरचे भाग चिरडतात.

बॅटरी उतरली, तर दुसरी स्पोर्ट्स कार उलट दिशेने समोर आणून उभी करण्याचा प्रकार घाटात करू नये. हातात मावणारा जंप स्टार्टर शेवटच्या गाडीत ठेवावा. अनेक गाड्यांत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी विजेवर उघडते. म्हणजे बॅटरी संपली की बॅटरीपर्यंत पोहोचण्याचा मार्गही बंद. अशा गाडीत पर्यायी मार्ग कोणता, हे मालकपुस्तिकेत दिलेले असते. ते घरी वाचावे.

साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन बंद पडले, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. हवेच्या मार्गाने आत गेलेले पाणी दाबले जात नाही, वाकतात ते इंजिनचे दांडे. आणि धूर किंवा पेट्रोलचा वास आला, तर दुरुस्तीचा विचारच सोडावा. सर्वांना दूर न्यावे, बॉनेट उघडू नये. आत धुमसणाऱ्या आगीला हवा मिळाली की ती भडकते. या गाड्यांपैकी अनेकींचे इंजिन आसनांच्या मागेच असते, म्हणून वास येताच बाहेर पडणे एवढेच करण्यासारखे उरते.

टोचन नको, फ्लॅटबेड हवा

'दोर बांधू आणि ओढून नेऊ' असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. उतारावर दोराने टोचन केलेल्या गाडीला ब्रेकचे साहाय्य नसते, स्टिअरिंग जड असते आणि पुढच्या गाडीने वेग कमी करताच ती तिच्यावर जाऊन आदळू शकते. शिवाय चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीची दोन चाके उचलून उरलेली दोन रस्त्यावर फिरवत नेली, तर आतील गिअर व्यवस्थेचे नुकसान होते. म्हणून टोइंग सेवेला फोन करतानाच 'फ्लॅटबेड हवा, गाडी खूप खाली बसलेली आहे' असे स्पष्ट सांगावे.

ओढण्याची कडी बहुधा अवजारांच्या संचात सुटी ठेवलेली असते. बंपरवरील छोटे झाकण काढून ती फिरवून बसवायची असते आणि काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात. फ्लॅटबेडच्या उतारावर गाडीचे नाक घासू नये म्हणून दोन लाकडी फळ्या लावून चढ सौम्य करावा. पट्टे चाकांवरून बांधावेत. गाडी चढवण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत. विद्युत पार्किंग ब्रेक असलेली गाडी बॅटरी संपल्यावर हलतच नाही, त्यामुळे बॅटरीत थोडा जीव असतानाच गाडी न्यूट्रलमध्ये कशी आणायची हे पाहून ठेवावे. विम्यातील रस्त्यावरील मदतीच्या सुविधेत फ्लॅटबेड आहे का आणि किती किलोमीटरपर्यंत आहे, हेही निघण्यापूर्वीच तपासावे.

कायदा आणि रस्त्याचे इतर हक्कदार

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितीत वाहन रस्त्यावर सोडता येत नाही. बंद पडलेल्या वाहनाने वाहतूक अडवल्यास कलम २०१ नुसार दंड होऊ शकतो. बिघाड हा गुन्हा नव्हे. बिघाडानंतरचा निष्काळजीपणा मात्र कायद्याच्या कक्षेत येतो. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे कलम १८९ खाली गुन्हा आहे, हेही ताफ्यातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे. मागे पडलेल्याने वेळ भरून काढण्यासाठी घाटात वेग वाढवणे, हे त्याच वाटेवरचे पाऊल.

दुसरीकडे, २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देते. त्यामुळे मदतीला धावून आलेल्या गावकऱ्याला पोलिसांच्या चौकशीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. हे गावकरीच बहुधा सर्वप्रथम पोहोचतात. केरीच्या एखाद्या मेकॅनिकला त्या गाडीचे इंजिन ठाऊक नसेल, पण कोणत्या वळणावर वाहने जोरात येतात आणि रेंज कोठे मिळते, हे त्याला नेमके ठाऊक असते. त्याचे ऐकावे. जमलेल्या मुलांना रस्त्यापासून दूर ठेवावे आणि छायाचित्रांचा कार्यक्रम घाटाखाली ठेवावा.

शेवटचे काम गाडी उचलून नेल्यानंतरचे. बहुतेक ताफे ते विसरतात. त्रिकोण गोळा करावेत, फांद्या आणि दगड बाजूला सारावेत. रस्त्यावर ऑइल किंवा कूलंट सांडले असेल, तर त्यावर कडेची कोरडी माती टाकून ती झाडून घ्यावी, आणि डाग मोठा असेल तर पोलिसांना कळवावे. चार चाकांच्या गाडीला तो डाग जाणवतही नाही. पहाटे त्याच वळणावरून स्कूटरने कामाला निघालेल्या माणसाला मात्र तो पुरेसा असतो.

हौसेने गाडी चालवणारे घाटात दोन तास असतात. रोज ये-जा करणाऱ्यांसाठी तो रस्ता जगण्याचा भाग आहे. आपण तेथून गेल्यावर रस्ता आधी होता तसाच राहिला आणि ताफ्यातील सर्वजण, गाडी बंद पडलेल्या मित्रासह, संध्याकाळी घरी पोहोचले, तर ती सहल यशस्वी झाली असे म्हणावे. गाडी काय, आठवडाभरात दुरुस्त होते.